चार आत्या

"तुला आत्या किती?" यास्मिननं विचारलं आणि मी "एक" म्हणून मोकळी झाले. मधल्या सुट्टीत जिन्याखालच्या बाकावर आम्ही दोघी चहा घेत होतो, आणि प्रश्न इतका सोपा होता की त्याला डोकं लागलंच नाही. तिच्या मांडीवर मी भरून दिलेला फॉर्म होता. आमच्या प्रयोगशाळेत आनुवंशिक आजारांची नवी तपासणी सुरू व्हायची होती, त्यासाठी धडधाकट माणसांचं रक्त हवं होतं, आणि धडधाकट म्हणून पहिला हात मीच पुढे केला होता. 'कुटुंबात कोणाला कॅन्सर?' या रकान्यात ठसठशीत अक्षरात 'नाही' लिहिलं होतं. आजारी माणसांसमोर बसून त्यांच्या घराण्याची झाडं कागदावर काढायची, हे यास्मिनचं कामच. पण ती मूळची भोरची. तिच्या वडिलांचं, जहांगीरचाचांचं, कापूरहोळच्या फाट्यावर पंक्चरचं दुकान. आमच्याकडची माणसं बोलता बोलता काय गिळतात ते तिला बरोबर ठाऊक. ती म्हणाली, "जिवंत किती ते नाही विचारलं मी, अश्विनी. जन्माला आल्या किती?" मग मी मोजल्या. हौसा, गंगू, चंद्रा, सखू. चार. "सखू आहे म्हणतेस. मग बाकीच्या तिघी कशानं गेल्या?" मी कप तोंडाला लावला. चहा संपला होता, कधी प्यायले ते आठवेना.

मी चौदा वर्षं मेण कापते. कोणाच्या तरी शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या वडीत बसवून माझ्याकडे येतो. ती वडी यंत्रावर लावायची, मूठ फिरवायची, पात्याखालून सुटलेला पापुद्रा कोमट पाण्यावर तरंगवायचा आणि काचेवर अलगद उचलायचा. केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढा पातळ पापुद्रा. श्वास जोरात सोडला तरी फाटतो. मग रंग चढतात, पेशींची केंद्रं जांभळी आणि भोवतालचं सगळं गुलाबी. निदान करणं डॉक्टरांचं काम, माझं नाही. पण चौदा वर्षांत डोळा तयार होतोच. निरोगी जागी पेशी शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या रांगेत असतात. वाईट जागी रांग मोडलेली असते, केंद्रं फुगलेली, एकीच्या अंगावर दुसरी, आणि मधेच एखादी पेशी एकीच्या दोन होता होता तशीच पकडली गेलेली. वडीवर नाव नसतं, नंबर असतो. त्या नंबराच्या जिवावर मला रोज दुपारचं जेवण जायचं. इतकं सगळं डोळ्यांखालून घालणारी मी, आणि माझ्याच फॉर्मवर 'नाही' लिहिलं. खोटं लिहिलं असतं तर एक वेळ मला माझी लाज वाटली असती. मी खरं समजून लिहिलं होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली.

कारण आमच्या घरात खरंच कोणी गेलं नव्हतं. हिर्डोशीच्या आमच्या घरात, आमच्या भावकीत, विचारा कोणालाही. आत्या गेल्या त्या त्यांच्या घरी गेल्या. मुलगी दिली की ती दिल्या घरची, तिचं दुखणंही तिकडचं. हौसाआत्या भोरजवळ दिलेली, तिच्या पोटात पाणी झालं, तर सगळे म्हणाले तिला सासरचं पाणी बाधलं. चंद्राआत्या घाटाखाली महाडकडे, तिच्या छातीचं काहीतरी होतं, ते नवऱ्याच्या मारामुळे झालं असं ठरलं. गंगूआत्या विंझरला. तिला म्हणे कोणीतरी काहीतरी करून घातलं. तिघींच्या मरणाला तीन वेगळी कारणं होती आणि ती तीन वेगळ्या गावांत होती, म्हणून त्यांची बेरीज कोणी केली नाही. गंगूआत्याचं तर आणखी निराळं. तिचं आणि आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, साटंलोटं झालेलं. एकाच मांडवात दोन लग्नं. विंझरची माझी आई आबांना केली आणि आबांची बहीण गंगू आईच्या भावाला दिली. एक लेक घेतली, एक लेक दिली. त्यामुळे गंगूआत्या माझी आत्याही होती आणि मामीही, आणि आम्ही पोरं तिला मामीच म्हणायचो. तेरा वर्षांची असताना दिवाळीच्या सुट्टीत मला तिच्याकडे विंझरला धाडलं होतं, हाताखाली म्हणून. एकदा न्हाणीत पाठ चोळताना तिनं माझा हात धरला आणि पुढे ओढून काखेच्या खाली टेकवला. म्हणाली, "बग गं, केवडी झालीया. लिंबायेवडी. दुखत न्हाई आजाबात. कुणाला बोलू नगंस." मी बोलले नाही. पाणी कढत होतं, तिचं अंग साबणानं गुळगुळीत, आणि बोटांखाली ते घट्ट, जागचं न हलणारं. पुढच्या पावसाळ्याआधी ती गेली. चोवीस वर्षं मी ती गोष्ट विसरले होते असं म्हणत नाही. पण फॉर्म भरणाऱ्या हाताला ती आठवली नाही, एवढं खरं.

रिपोर्ट तीन आठवड्यांनी आला. यास्मिननं दार लावून घेतलं तेव्हाच कळलं. तेराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात माझी दोन अक्षरं गळलेली निघाली. वर्गात शिकवतात तसं तिनं सगळं सांगितलं, आणि मला ते आधीच माहीत होतं, तरी मी पहिल्यांदा ऐकल्यासारखी मान हलवत होते. पेशी एकीच्या दोन होताना आतला धागा कधीकधी तुटतो. सगळ्यांचाच तुटतो, रोज तुटतो. तो सांधणारं एक प्रथिन असतं आणि त्याची कृती त्या जनुकात लिहिलेली असते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. माझ्या एका प्रतीत दोन अक्षरं गळाल्यामुळे पुढचं सगळं वाचन चुकतं आणि प्रथिन अर्धवट तयार होतं. दुसरी प्रत शाबूत आहे तोवर काम चालतं. मग कधीतरी कुठल्या तरी एका पेशीत दुसरीही जाते. तिथून पुढे तुटलेलं सांधलं जात नाही, चुकीवर चूक साचत जाते, आणि शेवटी ती पेशी थांबायचं विसरते. कुठली पेशी, कुठल्या दिवशी, हे कोणी सांगू शकत नाही. कदाचित आयुष्यभर ती वेळ येणारही नाही. यास्मिन दर वर्षीच्या तपासण्या, चाळिशीपर्यंत करून घ्यायची शस्त्रक्रिया, सगळं नीट समजावत होती, आणि मी मनात फक्त त्या एका पेशीला शोधत होते. शरीरात किती पेशी असतात ते परीक्षेला लिहून मी मार्क मिळवले होते. आता त्या आकड्यातली प्रत्येक पेशी मला ओळखीच्या माणसासारखी वाटायला लागली, आणि त्यातली नेमकी कोण दगा देणार ते कळेना.

मला भीती वाटते. हे एवढंच वाक्य मी त्या आठवड्यात नवऱ्याला, मानसिंगला, पाच-सहा वेळा सांगितलं, आणि तो बिचारा प्रत्येक वेळी "होईल सगळं नीट" म्हणाला. अंघोळीला उभी राहिले की हात आपोआप काखेखाली जायचा आणि बोटांना तेरा वर्षांच्या मुलीच्या बोटांची आठवण यायची. जिना चढताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, धनकवडीच्या सिग्नलला उभी असताना आत काहीतरी तुटतंय असं वाटायचं, आणि ते खरंच तुटत असणार हेही माहीत असायचं. वडी कापताना सलग चार पापुद्रे फाटले, चौदा वर्षांत पहिल्यांदा. पण खरी भीती सकाळी सव्वासहाला असायची. माझी शेफाली नऊ वर्षांची आहे. शाळेसाठी तिच्या दोन वेण्या घालते मी. भांग पाडताना तिची पातळ, पांढरी मान माझ्यासमोर असायची, आणि मी या मुलीला काय दिलंय या विचारानं फणी मधेच थांबायची. ती ओरडायची, "आई, व्हॅन येईल!" निम्मी शक्यता, यास्मिन म्हणाली होती. नाणं उडवल्यासारखी. आणि तिची तपासणी आत्ता करायची नसते. अठराची झाली की तिचं ती ठरवेल. नाणं नऊ वर्षांपूर्वीच पडलेलं आहे, त्याच्यावरचा हात तेवढा उचलायचा नाही.

"आबांना सांगावं लागेल," यास्मिन म्हणाली. "त्यांच्यातूनच आलंय हे जवळजवळ नक्की. त्यांचं रक्त मिळालं तर पक्कं होईल, आणि मग तुझ्या भावाच्या पोरी, सखूआत्या, बाकीच्या आत्यांच्या मुली, सगळ्यांना वेळेत सावध करता येईल. तिकडची झाडं मी किती काढलीत, अश्विनी. सगळे लेकी गाळूनच सांगतात." तिनं मला एक कोरा कागद दिला आणि रीत सांगितली: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याला झालं त्याचा काळा भरायचा, दोष आहे पण आजार नाही, त्याला मधोमध ठिपका. "वयं मला माहीत नाहीत. आबांजवळ बसून काढ." कागद चार घड्या करून मी पर्समध्ये ठेवला, आणि त्या कागदापेक्षा आबांची जास्त धास्ती घेतली. तिन्ही बहिणींच्या मयतीला माहेरचं लुगडं घेऊन तेच गेले होते. हौसाला, चंद्राला, गंगूला. नेसवायचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं आणि भाऊ एकटेच, म्हणून. आता त्या माणसाला जाऊन सांगायचं की लुगड्याआधी तुमच्या घरानं त्यांना हेही दिलं होतं, आणि तुम्ही मलाही दिलंत.

रविवारी स्वारगेटहून भोरची एसटी धरली. कार्तिकाचं ऊन, खिडकीच्या काचेवर कोणाच्या तरी तेलकट केसांचा डाग. कापूरहोळला गाडी वळायला थांबली, जहांगीरचाचांच्या दुकानापुढे टायरांची चळत दिसली, आणि तिथे मला खोटं सुचलं. आईकडून आलं म्हणायचं. आई बारा वर्षांपूर्वी भाताच्या खाचरात साप चावून गेली, तिला आता काही लागणार नाही. गंगूआत्या विंझरच्या घरात गेली, आई विंझरच्या घरची. दोघींना एका ठिकाणी टाकलं की झालं. खोटं इतकं चपखल बसलं की मला हायसं वाटलं. माझा भाऊ गोरख आईचाच मुलगा, तेव्हा त्याच्या दोन पोरी या खोट्यातही तपासल्या जाणार होत्या. गंगूआत्याची मुलगी रत्ना विंझरचीच, तीही आली. सुटत होत्या त्या हौसाआत्या आणि चंद्राआत्याच्या मुली, आणि सखूआत्या. त्यांचं नंतर बघू, असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात कंडक्टर "भोर, भोर" करत आला आणि मी तो विचार तिथेच सोडला. किती सहज सोडला! भोरला दीड तास हिर्डोशीची गाडी नव्हती. स्टँडवर शेंगदाणे खात बसले आणि तोंडात वाक्य घोळवत राहिले, 'आईकडून आलंय, विंझरकडून,' शेवटपर्यंत, अडखळल्याशिवाय.

आबा ओट्यावर बसून बियाण्याच्या लोंब्या निवडत होते. घरी दुसरं कोणी नव्हतं. गोरख बायको-पोरींना घेऊन खाचरात भारे बांधायला गेला होता. इंद्रायणी भाताचं बी आबा कधी विकत आणत नाहीत, आपल्याच पिकातलं राखतात. चांगली भरलेली लोंबी डावीकडे, पोकळ, पळिंजाची उजवीकडे. वय सत्तर, नजर अजून तीक्ष्ण. मला बघून म्हणाले, "एकलीच आलीस? पोरगी कुठाय?" त्यांच्यासमोर माझी जीभ आपोआप गावाकडची होते. "परीक्षा हाय तिची, आबा." "बस. पानी पी. त्वांड का असं उतरलंय?" मी पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला, आणि आता बोलले नाही तर चारच्या गाडीनं तशीच परत जाईन हे कळलं. "आबा, माज्या रगतात दोष निघालाय. अजून झालं काय न्हाई. पर हुईल म्हनत्यात. गंगूमामीला झालं, तसलं." त्यांचा हात थांबला. "गंगूला झालं तसलं," ते म्हणाले. खाली रस्त्यावरून मोटरसायकल गेली. मी बांधाचं सांगितलं. पावसात बांध फुटतो, तो लिंपायला घरात दोन माणसं असतात, तसं अंगात असतं. माझं एक माणूस जन्माचं पांगळं आहे, दुसऱ्यावर सगळं चाललंय. दुसरं बसलं की खाचर वाहून जातं. त्यांना ते लगेच कळलं. "आन ही दोन मानसं येत्यात कुठनं?" "येक आईकडनं, येक बापाकडनं." त्यांनी हातातली लोंबी उगाच उलटीपालटी केली. "मंग तुजं पांगळं कुनाकडचं?"

"आईकडचं," मी म्हणाले. "विंझरकडचं." अडखळले नाही.

आबा माझ्याकडे बघत राहिले. राग येईल असं वाटलं होतं, पण आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुजी आई सापानं गेली. तिची आई नव्वदीची हून गेली. दोगी मावश्या अजून श्यान काडत्यात. त्या घरात कोन गेलं गं?" मी म्हणाले, "गंगूमामी..." "गंगू त्या घरातली व्हय?" आता मात्र त्यांनी लोंबी खाली टाकली. "गंगू हितली. ह्या वट्यावरनं गेली. येका मांडवात तुजी आई आली आन गंगू गेली. विंझरला काय पोचलं आसंल तर ते आमी धाडलं, गंगूच्या अंगातनं. त्यांनी चांगली लेक दिली आमाला, आमी त्यांला ह्ये दिलं. मेलेल्या बाईवर कशाला घालतीस?" मला रडू फुटलं. पकडली गेले म्हणून, की आता लपायला जागा उरली नाही म्हणून, मला सांगता येणार नाही. ते म्हणाले, "म्या दिलं व्हय तुला?" आणि या एका प्रश्नाला घाबरून मी सगळी खटपट केली होती. कोणी देत नाही हो, ते आपोआप जातं, असं यास्मिन म्हणते. ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण उद्या शेफालीनं मला हेच विचारलं तर मला ते वाक्य पुरणार आहे का? "व्हय, आबा," मी म्हणाले. "तुमच्याकडनं आलं. तुमाला आजीकडनं आलं आसंल."

त्यांनी टाकलेली लोंबी परत उचलली. मग म्हणाले, "आन तू पोरीला?" "ठावं न्हाई. निम्मं-निम्मं हाय. अठराची झाल्याबिगर बगायचं न्हाई." "नऊ वर्सं," त्यांनी ताबडतोब हिशेब केला. मी कागद काढला, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं, आणि त्यांना रीत सांगितली, गोल, चौकोन, भरायचं, ठिपका. आबा चौथी शिकलेत. मान वाकवून ते कागदाकडे बघत राहिले आणि मी न विचारताच ते सांगायला लागले. "वर आईचा काड. भर त्यो. म्या सात वर्सांचा व्हतो. कावीळ म्हनले, पर प्वाट हेऽ येवडं झालं व्हतं तिचं. खाली हौसा, थोरली. येक्केचाळीस. भर. चंद्रा. तिला अडतीसबी पुरं न्हाई. भर. गंगू चव्वेचाळीस, धरनाचं काम चाललं व्हतं त्या साली. भर." एकही वय त्यांना आठवावं लागलं नाही. मी गोल भरत होते आणि पेनाची शाई कागदाच्या मागे उमटत होती. "सखू मोकळी ठिव," ते म्हणाले, "देवानं आजून ठिवलीया." मी पेन उचललं. "आबा, तुमाला म्हाईत व्हतं?"

"असलं रगताचं काय म्हाईत न्हवतं. येवडंच म्हाईत का आपल्या हितल्या पोरी चाळिशीला पोचत्यात आन जात्यात. हिकडं दिली तरी जातीया, घाटाखाली दिली तरी जातीया. कुनापाशी बोललो न्हाई. बोललं का खरं हुतंय." त्यांनी डोळे पुसले नाहीत, मी बघत होते. "म्हनून तुला पुन्याला धाडली. लोकं म्हनली पोरगी शिकवून काय करतूस सोनबा. म्हनलं जाऊ दे. ह्या डोंगरातलं काय आसंल तर हितंच ऱ्हाईल. लांब गेली तर सुटंल."

माझ्या शिक्षणाचं कारण मला त्या दिवशी कळलं. एवढी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की माझे वडील पुढारलेल्या विचारांचे. ते घाबरलेले होते. माझ्याइतकेच, माझ्याही आधीपासून, एकटे. वसतिगृहात पोचवायला आले तेव्हा निघताना त्यांनी मागे वळून बघितलं नव्हतं आणि मी ते मनाला लावून घेतलं होतं. भीतीपासून लांब म्हणून त्यांनी मला जिथे धाडलं तिथे मी चौदा वर्षं तीच भीती पातळ कापून काचेवर ठेवत होते, आणि जिच्यापासून मला पळवून न्यायचं ती माझ्या अंगात, माझ्याबरोबर, त्याच एसटीनं आली होती.

"माजा चौकून कुठला?" आबांनी विचारलं. दाखवला. मी ठिपका देणार तेवढ्यात त्यांनी पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या हातानं मधोमध दाबून दिला, कागद फाटेल इतका. "सुई टोचायला कवा यायचं ते सांग. गोरखला म्या बोलतो. सखूकडं, रत्नाकडं, हौसाच्या पोरींकडं आन चंद्राच्या पोरीकडं म्याच जातो, त्यांच्या घरी माजंच जानं हाय." मग पेन मला परत दिलं. "आता तुजा." मी माझा गोल काढला, ठिपका दिला. त्याखाली उभी रेघ ओढली, तिच्या टोकाला एक छोटा गोल काढला, आणि 'शेफाली' लिहिताना 'शे'ची मात्रा दोनदा गिरवली गेली. आबा त्या गोलाकडे बघत म्हणाले, "ह्यात काय भरायचं?"

"काय न्हाई, आबा. रिकामा ठेवायचा."

त्यांनी मान हलवली. आपलं मातीनं भरलेलं बोट उचलून त्यांनी त्या गोलावर टेकवलं आणि तसंच ठेवलं. गोल बोटाखाली पुरता झाकला गेला. चारची गाडी खालच्या वळणावर हॉर्न देत आली, थांबली, निघून गेली. त्यांनी बोट काढलं नाही आणि मीही कागद ओढला नाही.